काय म्हणाला तो?

टीव्ही सडपातळ झाला आणि त्याचा आवाज बसला. ही गोष्ट आपल्यापैकी अनेकांच्या लक्षातच आली नाही, कारण सगळ्यांचं लक्ष चित्राकडे होतं. १९८२ साली देशात रंगीत टीव्ही आला, तेव्हापासून पुढची वीस-पंचवीस वर्षं आपल्या दिवाणखान्यात पेटीएवढा टीव्ही होता. त्याच्या पोटात भरपूर जागा होती. पडद्याच्या शेजारी नाहीतर खाली, समोर तोंड केलेला स्पीकर असायचा. बातम्या देणारी बाई आपल्याकडे बघून आपल्याशीच बोलते आहे, असं वाटायचं. आताचा टीव्ही भिंतीला चिकटतो. जाडी दोन-तीन बोटं, पडद्याला चौकट जवळजवळ नाहीच. मग स्पीकरने तोंड काढायचं कुठून? बहुतेक टीव्हींत ते खाली नाहीतर मागे भिंतीकडे वळवलेले असतात. आवाज आधी भिंतीवर किंवा शोकेसच्या फळीवर आपटतो आणि मग आपल्यापर्यंत येतो. पाठ फिरवून बोलणाऱ्या माणसाचं निम्मंच कळतं, त्यातलाच प्रकार.

म्हणून हल्ली संध्याकाळी घरोघरी एकच संवाद ऐकू येतो. ‘‘काय म्हणाला तो?’’ ‘‘आवाज वाढव जरा.’’ आवाज वाढवला की पार्श्वसंगीत वाढतं, जाहिरात तर अंगावरच येते, शब्द मात्र जिथे होते तिथेच राहतात. तरुण मंडळी पडद्याखालच्या इंग्रजी ओळी वाचून वेळ निभावतात. घरातली म्हातारी माणसं तेवढंही करत नाहीत. ती थोडा वेळ बसतात, मग ‘‘पाठ टेकतो जरा’’ म्हणून आत जातात.

त्यांच्या कानांचाही यात भाग असतो, हे खरं. वय वाढतं तसा कान आधी वरच्या पट्टीतले आवाज सोडायला लागतो. आपल्या भाषेतले स्वर खालच्या पट्टीत असतात, ते ऐकू येत राहतात. पण स, श, त, क, फ ही मंडळी वरच्या पट्टीत राहणारी. ‘साप’, ‘ताप’ आणि ‘काप’ यांतला फरक तिथेच ठरतो. त्यामुळे कुणीतरी बोलतंय हे आजोबांना स्पष्ट कळतं, काय बोलतंय ते कळत नाही. आपण म्हणतो, आवाज वाढवलाय तरी ऐकू येत नाही, आता काय करायचं!

माझे मामा ऐंशीच्या उंबरठ्यावर आहेत. रेल्वेतून निवृत्त झाले, राहायला डोंबिवलीला. नाटकाचं वेड नोकरीच्याही आधीचं. मराठी नाटकांच्या व्हीसीडी निघायला लागल्यावर त्यांनी त्या मिळेल तिथून गोळा केल्या. त्या पत्र्याच्या एका ट्रंकेत, वर्तमानपत्रात गुंडाळून, नाटककारांप्रमाणे लावून ठेवलेल्या आहेत. गेल्या दिवाळीत मामेभावाने त्यांना मोठा टीव्ही घेऊन दिला, त्याबरोबर सराउंड साउंडचा रिसीव्हर, पाच स्पीकर आणि खालच्या आवाजाचा सबवूफर. डीव्हीडी प्लेअर त्यांचा आधीचाच, एचडीएमआयची खाच असलेला आणि व्हीसीडीही वाजवणारा. दुकानातून एक मुलगा आला, तासाभरात सगळं जोडून, चहा घेऊन गेला.

दोन महिन्यांनी मामीचा फोन. ‘‘अरे, एवढी सहा खोकी आणून ठेवलीत आणि हे आत जाऊन रेडिओ लावून बसतात. एकदा येऊन बघ तरी.’’ मामांना विचारलं तर ते म्हणाले, ‘‘हल्लीचे नट तोंडातल्या तोंडात बोलतात रे.’’ मामीने मला बाजूला घेऊन सांगितलं ते वेगळंच होतं. लावलेलं नाटक हल्लीचं नव्हतं. मामांना त्याची वाक्यं पाठ आहेत. पूर्वी ते वाक्य यायच्या आधीच हसायला लागायचे आणि मामी चिडायची. आता वाक्य येऊन गेलं तरी हसत नाहीत. डॉक्टरांनी दिलेलं कानाचं यंत्र ड्रॉवरमध्ये आहे, त्यात सगळंच खडखडतं म्हणून. तिला भीती वाटत होती ती कानाची नव्हती. नाटकावरून मन उडालं म्हणजे मामांचं काय राहिलं, याची होती.

मी टीव्ही भिंतीपासून जरा पुढे ओढला आणि मागे डोकावलो. असल्या जोडणीत सगळ्यात आधी एक प्रश्न विचारायचा असतो : मालक कोण? एसटी स्टँडसारखा विचार करा. गावोगावच्या गाड्या आधी स्टँडवर येतात आणि तिथून पुढे सुटतात. प्रत्येक गाडी परस्पर प्रवाशाच्या दारात जायला लागली तर कुणाचा मेळ कुणाला लागणार नाही. या घरात स्टँड म्हणजे रिसीव्हर. डिस्क प्लेअरची एचडीएमआय तार रिसीव्हरच्या ‘इन’ खाचेत, ज्यावर डीव्हीडी किंवा बीडी असं लिहिलेलं असतं. रिसीव्हरच्या ‘आउट’ खाचेतून दुसरी तार टीव्हीकडे. चित्र रिसीव्हरमधून पुढे टीव्हीवर जातं, आवाज रिसीव्हर स्वतःजवळ ठेवून घेतो आणि स्पीकरना वाटतो. मूळ जोडणी एवढीच, दोन तारांची.

मामांकडे प्लेअर थेट टीव्हीला जोडलेला होता आणि टीव्हीतून एक ऑप्टिकल तार रिसीव्हरकडे आलेली होती. चित्र दिसतं, आवाजही येतो, म्हणून जोडणारा खूश. पण बाहेरून एचडीएमआयने आलेला आवाज ऑप्टिकल खाचेतून पुढे देताना बरेच टीव्ही त्याचे दोनच भाग करतात, डावा आणि उजवा. डिस्कवर सहा वाटांनी भरलेला आवाज असला तरी रिसीव्हरपर्यंत दोनच पोचतात. वर टीव्हीचे स्वतःचे स्पीकरही चालूच ठेवलेले. टीव्ही आणि रिसीव्हर या दोघांचे आवाज एका क्षणी येत नाहीत, किंचित मागेपुढे येतात. तरुण कानाला तो घुमल्यासारखा वाटतो. ऐंशीच्या कानाला शब्दावर शब्द चढल्यासारखा. टीव्हीच्या सेटिंगमध्ये जाऊन त्याचे स्पीकर बंद केले, तेव्हाच निम्मं काम झालं होतं.

टीव्हीमध्येच चालणाऱ्या वाहिन्यांचा, ॲपचा आवाज रिसीव्हरकडे कसा यायचा, असं कुणी विचारील. त्यासाठी वेगळी तार लागत नाही. टीव्हीच्या एका एचडीएमआय खाचेवर ‘एआरसी’ किंवा ‘ई-एआरसी’ लिहिलेलं असतं, तसंच रिसीव्हरच्या ‘आउट’ खाचेवरही. या दोन खाचा एकमेकींना जोडल्या की त्याच तारेतून आवाज उलटाही येतो. एचडीएमआय आलं २००२ च्या अखेरीस. ही उलट वाट त्यात २००९ मध्ये आली. त्याआधीचा टीव्ही किंवा रिसीव्हर असेल तर मात्र ऑप्टिकल तार लावावीच लागते. तिच्या टोकावर प्लास्टिकचं इवलं टोपण असतं, ते काढायचं. ते न काढता ढकलत बसणारे मी पाहिले आहेत. तार नीट बसली की दुसऱ्या टोकाला तांबडा उजेड दिसतो. दिसला की समजावं, माल पोचतोय.

ज्यांचा प्लेअर आणखी जुना आहे त्यांच्याकडे पिवळी, तांबडी, पांढरी अशी तिहेरी तार असेल. पिवळी चित्राची, तांबडी उजव्या आवाजाची, पांढरी डाव्या आवाजाची. इथे एक खोच आहे. पिवळी तार रिसीव्हरमध्ये घातली तर ते चित्र एचडीएमआयमधून पुढे काढून देण्याची सोय प्रत्येक रिसीव्हरमध्ये नसते. पडदा काळा राहतो आणि माणूस प्लेअर बिघडला म्हणून दुरुस्तीला नेतो. अशा वेळी पिवळी थेट टीव्हीला लावावी आणि आवाजाची तेवढी रिसीव्हरला. नव्या टीव्हीवर पिवळी खाच दिसत नसेल तर हेडफोनसारखं बारीक भोक आणि त्याची जोडतार खोक्यात आहे का, ते बघावं. ती तार बहुधा पहिल्याच दिवशी खोक्याबरोबर माळ्यावर गेलेली असते.

आता स्पीकर. मामांच्या हॉलमध्ये मधला स्पीकर शोकेसमध्ये, काचेच्या दाराआड, चांदीच्या गणपतीशेजारी ठेवला होता. ‘‘धूळ बसते,’’ मामी म्हणाली. आणि मागे बसवायचे दोन्ही स्पीकर, तार पुरली नाही म्हणून, शोकेसच्या डोक्यावर पुढच्या दोघांच्या शेजारी बसले होते. एका ओळीत चार, जणू सत्काराला आलेले पाहुणे.

या पाचांत मधला सगळ्यात महत्त्वाचा, आणि आपल्याकडे सगळ्यात जास्त हाल त्याचेच होतात. थिएटरात पडद्याला बारीक बारीक भोकं असतात आणि पडद्यामागे बरोबर मध्ये एक स्पीकर असतो. नटाचं बोलणं मुख्यतः तिथून येतं, म्हणून तुम्ही कडेच्या खुर्चीत बसा की मधल्या, आवाज नटाच्या तोंडातून आल्यासारखा वाटतो. या गोष्टीचा विचार फार जुना आहे. लंडनमधला ॲलन ब्लमलाइन हा इंजिनियर पत्नीबरोबर सिनेमाला गेला असताना नट पडद्याच्या एका बाजूला आणि आवाज दुसऱ्याच बाजूने येतोय, हे त्याला खटकलं, असं सांगतात. १९३१ च्या डिसेंबरात त्याने आज ज्याला आपण स्टिरिओ म्हणतो त्याच्या पेटंटसाठी अर्ज केला. आपल्याकडे १९७५ च्या ‘शोले’च्या ७० एमएम खेळांना गेलेले लोक हवेत उडवलेल्या नाण्याचा आवाज अजून विसरलेले नाहीत. घरातल्या पाच स्पीकरची मांडणी त्याच परंपरेतली. पुढचे डावा-उजवा, मधला, मागचे दोन, आणि ५.१ मधला तो टिंबानंतरचा एक म्हणजे सबवूफर, त्याला फक्त गडगडाट आणि दणका द्यायचा.

डॉल्बी म्हटलं की महाराष्ट्रात मिरवणुकीतली स्पीकरची भिंत डोळ्यांसमोर येते. त्या भिंतीचा आणि डिस्कवर लिहिलेल्या डॉल्बीचा काही संबंध नाही. रे डॉल्बी हा अमेरिकी गृहस्थ १९६३ ते १९६५ या काळात युनेस्कोचा तांत्रिक सल्लागार म्हणून भारतात होता. त्यानंतर त्याने १९६५ मध्ये लंडनला स्वतःची प्रयोगशाळा काढली, ती टेपवर येणारी खरखर कमी करण्यासाठी. गोंगाट कमी करणाऱ्या माणसाचं नाव आपण कशाला दिलं, हे त्याला कुणी सांगितलं नसावं, हेच बरं.

काचेचं दार उघडून मधला स्पीकर बाहेर काढला आणि टीव्हीच्या बरोबर खाली, फळीच्या पुढच्या कडेला आणून ठेवला. फळीवर मागे सरकला तर आवाज फळीवर आपटतो, म्हणून कडेलाच. खाली रबराचे दोन तुकडे घालून त्याचं तोंड किंचित वर, बसणाऱ्याच्या कानाकडे केलं. पुढचे दोन टीव्हीच्या दोन अंगांना, बसायच्या जागेपासून मध्यरेषेच्या तीस-तीस अंशांवर. मागचे शास्त्राप्रमाणे ११० अंशांच्या आसपास, म्हणजे कानाच्या जरासे मागे. पण डोंबिवलीच्या हॉलमध्ये सोफ्यामागे जागा नसते, भिंत असते. तिथे ते सोफ्याच्या दोन बाजूंना, कानापेक्षा हातभर वर लावले तरी चालतात. एका बाजूला बाल्कनीचं दार होतं, त्याच्या चौकटीवरून केसिंग पट्टीतून तार नेली.

स्पीकरची तार जोडताना दोन गोष्टी सांभाळाव्या. रिसीव्हरचा प्लग आधी काढून ठेवायचा. आणि तांबड्याला तांबडी, काळ्याला काळी. एका स्पीकरची उलटी झाली तर आवाज बंद पडत नाही, म्हणून कळतही नाही. फक्त खालचा आवाज पातळ होतो आणि शब्द समोर न उमटता खोलीभर कुठेतरी तरंगतात. सोललेल्या तारेचे तंतू पिळून घ्यावेत. एखादा तंतू शेजारच्या टोकाला टेकला तर रिसीव्हर स्वतःला वाचवण्यासाठी बंद होतो.

मग मोजमाप. आवाज सेकंदाला साधारण ३४० मीटर चालतो, म्हणजे एका मीटरला सुमारे तीन मिलिसेकंद. मधला स्पीकर मामांपासून तीन मीटरवर आणि बाजूचा एक मीटरवर असेल तर बाजूचा आवाज आधी पोचणार. रिसीव्हरला ही अंतरं सांगितली की तो जवळच्या स्पीकरला थोडं थांबवून धरतो. बऱ्याच रिसीव्हरबरोबर एक छोटा माइक येतो. तो बसायच्या जागी कानाच्या उंचीवर ठेवायचा, की यंत्र स्वतःच प्रत्येक स्पीकरमधून सूं-सूं आवाज काढून हिशेब करतं. त्या वेळी घरात शांतता हवी. आम्ही माइक पुस्तकांच्या चवडीवर ठेवला, पंखा बंद केला, श्वास रोखून बसलो, आणि तिसऱ्या स्पीकरला स्वयंपाकघरात कुकरने शिट्टी दिली. यंत्राने सगळं पुन्हा पहिल्यापासून सुरू केलं. दुसऱ्या खेपेला खालून भंगारवाला गेला. तिसऱ्या खेपेला जमलं.

मोजून झाल्यावर मधल्या स्पीकरची पातळी मी हाताने तीन डेसिबलने वाढवली. हिशेबात बसत नसेल, पण ज्या घरात म्हातारी माणसं आहेत तिथे हे करावंच. सगळा आवाज वाढवण्यापेक्षा बोलण्याचा तेवढा वाढतो, आणि खालच्या मजल्यावरून फोन येत नाही. फरशी गुळगुळीत टाइल्सची, भिंती उघड्या. म्हणून मामीकडून जुनी सतरंजी मागून घेतली आणि टीव्ही आणि सोफा यांच्यामध्ये अंथरली. घुमणं बरंच कमी झालं. हजारो रुपयांच्या यंत्रांना एका सतरंजीने केलेली ही मदत कुठल्याही माहितीपुस्तकात मला आढळलेली नाही.

शेवटची गाठ प्लेअरच्या मेनूत असते. तिथे डिजिटल आवाजासाठी ‘पीसीएम’ आणि ‘बिटस्ट्रीम’ असे दोन पर्याय दिसतात. बिटस्ट्रीम निवडलं तर डिस्कवरचा गुंडाळलेला आवाज जसाच्या तसा रिसीव्हरकडे जातो आणि तो सोडवण्याचं काम रिसीव्हर करतो. सिनेमाची डीव्हीडी लावल्यावर रिसीव्हरच्या पट्टीवर ‘डॉल्बी डिजिटल’ किंवा ‘डीटीएस’ उमटलं की जोडणी बरोबर. ब्लू-रे असेल तर ‘सेकंडरी ऑडिओ’ नावाचा पर्याय बंद ठेवावा; तो चालू असला तर चांगल्यातला चांगला आवाज पुढे जात नाही. आणि शब्द आधी येऊन ओठ मागून हलत असतील, तर रिसीव्हरमध्ये आवाज काही मिलिसेकंद मागे घेण्याची सोय असते. पुष्कळदा टीव्ही चित्र सजवण्यात वेळ घालवतो, म्हणून आवाज पुढे पळतो.

पण मामांच्या ट्रंकेत सिनेमे नव्हते, नाटकं होती, तीही व्हीसीडीवर. व्हीसीडीवर आवाजाच्या दोनच वाटा असतात. सहा स्पीकरचा थाट मांडून दोन वाटांच्या आवाजाचं काय करायचं? इथेच मला सगळ्यात जास्त समाधान मिळालं. रिसीव्हर आतापर्यंत ‘स्टिरिओ’ या पर्यायावर होता. म्हणजे मधला स्पीकर गणपतीशेजारी दोन महिने मुका बसला होता. तो पर्याय बदलून ‘प्रो लॉजिक’ केला. नव्या रिसीव्हरवर त्या जागी नुसतं ‘डॉल्बी सराउंड’ लिहिलेलं असतं. हे यंत्र डावी आणि उजवी वाट एकमेकींशी ताडून बघतं आणि दोन्हींत जे सारखं असेल ते मधल्या स्पीकरकडे पाठवतं. मामांकडच्या बऱ्याच नाटकांत दोन्ही वाटांवर एकच आवाज आहे. म्हणजे सगळं बोलणं मधल्या स्पीकरमधून, पडद्याच्या बरोबर खालून, समोर तोंड करून.

मामांना आतून बोलावलं. ‘‘ऐकू तर येतंच मला,’’ असं म्हणत ते आले आणि उपकार केल्यासारखे कडेला बसले. मी त्यांना मध्ये सरकायला सांगितलं. पडदा वर गेला. व्हीसीडीचं चित्र ३५२ बाय २८८ ठिपक्यांचं. पंचावन्न इंची टीव्हीवर नटांचे चेहरे पाण्यातून बघितल्यासारखे दिसत होते. मामीने नाक मुरडलं. मामा काही बोलले नाहीत. पाचेक मिनिटांनी त्यांनी हात वर करून मामीला गप्प केलं, ती काहीच बोलत नसताना. आणि मग एका वाक्याच्या अर्धा सेकंद आधी ते हसले.

मामीने माझ्याकडे बघितलं आणि लगेच पदराला हात पुसत आत गेली.

कानाचं यंत्र नंतर बाहेर निघालं. डॉक्टरांकडे जाऊन ते पुन्हा जुळवून घ्यावं लागलं आणि ते घ्यायलाच हवं होतं. स्पीकर कानाच्या जागी काम करत नाही. निघण्यापूर्वी मी प्रत्येक तारेच्या दोन्ही टोकांना पांढरी चिकटपट्टी लावून तिचं नाव लिहिलं आणि मागच्या बाजूचा फोटो मामेभावाला पाठवला. रिमोटवरच्या ज्या तीन बटणांची गरज आहे त्यांवर मामीने नेलपॉलिशचे ठिपके दिले.

ट्रंकेबद्दलही थोडं बोललो. व्हीसीडीचा चकाकणारा थर लेबलाच्या लगेच खाली असतो, खालच्या बाजूला नसतो. लोक खालची बाजू जपतात आणि लेबलाची बाजू टेबलावर घासतात. ओरखडा तिथे गेला तर ती जागा कायमची गेली. कडेला धरायची आणि पुसायची तर मधून कडेकडे सरळ, गोल फिरवून नाही. वर्तमानपत्राच्या गुंडाळ्या काढून कापडी पाकिटं आणायचं ठरलं. ट्रंकेतल्या एका नाटकाची डिस्क दुसऱ्या अंकात अडकते. तेवढ्या पाच मिनिटांतली वाक्यं मामा स्वतः म्हणून दाखवतात.

एका व्हीसीडीवर सव्वा तासाच्या आसपास मावतं, त्यामुळे नाटक दोन-तीन डिस्कवर असतं. पहिली डिस्क संपली की पडदा निळा होतो, मामा उठून दिवा लावतात, आणि मामी चहाचं आधण ठेवते.